मॉडेलचा स्केल कसा ठरवायचा? (डभोई लाईन, ६ बाय ४ ची प्लाय आणि डोक्याचा भुगा)

डभोईलाईन
नमस्कार मंडळी, बडोद्याहून लिहितोय. मागच्या खोलीत ६ बाय ४ फुटाची प्लाय उभी आहे, घरातनं एकदाची परवानगी मिळालीये, आणि तिच्यावर मला जुनी डभोईची नॅरोगेज (अरुंद रुळांची गाडी) बनवायचीये, म्हणजे ब्रॉडगेज (रुंद रूळ) व्हायच्या आधीची, ते बसकं स्टेशन, छोटं डिझेल इंजिन, चार डबे, टपावर बसलेली माणसं, सगळं. मियागाम-डभोई लाईन १८६२ ची, खंडेराव महाराजांच्या काळातली, आणि सुरुवातीला गाडी बैल ओढायचे, तर जमलं तर एका कोपऱ्यात बैलवाली गाडीपण दाखवीन म्हणतो.

अडलंय ते स्केलवर. ऑनलाईन बघायला गेलं की एचओ, ओओ, एन, टीटी, झेड अशी अक्षरं, विमानांचे ७२ आणि ४८, गाड्यांचे ४३ नि ६४, रणगाडे ३५, आर्किटेक्ट लोकांचे १०० नि २००, जहाजं तर डायरेक्ट ७००. हे आकडे आले कुठून आणि कशाबरोबर काय चालतं, कुणी नीट सांगाल का? पोराकडे १:७२ ची विमानं आणि छोट्या गाड्यांचा डबाभर साठा आहे, त्यातलं काही खपलं तर तेवढेच पैसे वाचतील.

किटवाला
दादा आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा, आकडा वाढला की मॉडेल लहान होतं. १:७२ म्हणजे खऱ्याचा बहात्तरावा भाग. दुकानात लोक "मोठा स्केल द्या" म्हणून १:१४४ उचलतात आणि घरी येऊन डबा उघडला की तोंड बघण्यासारखं होतं.

मी नेहमी माणसावरून हिशोब करतो. साडेपाच फुटी माणूस १:१२ ला १४ सेंटिमीटर होतो, १:२४ ला ७ सेंटिमीटर, १:३५ ला जेमतेम ४८ मिली, १:४३ ला ३९, १:७२ ला २३, १:८७ ला १९, १:१६० ला साडेदहा मिली, आणि जहाजाच्या १:७०० ला अडीच मिलीसुद्धा नाही, तिथे माणूस म्हणजे रंगाचा एक ठिपका. हे आकडे पाठ असले की डब्यावर काहीही छापलेलं असू दे, आतली माणसं मोजायची आणि काय ते कळतं.

आता आकडे असे विचित्र का, तर बरेचसे फूट-इंचातून आलेत. १:७२ म्हणजे १ इंचाला ६ फूट, १:४८ म्हणजे पाव इंचाला १ फूट. दुसऱ्या महायुद्धात शत्रूचं विमान लांबून ओळखायला शिकवण्यासाठी १:७२ ची मॉडेलं वापरायचे, पुढे प्लास्टिक किटवाल्यांनी तोच आकडा धरला. रणगाड्यांच्या १:३५ ची गंमत वेगळीच आहे, तामिया कंपनीने पहिला पँथर रणगाडा बनवला तेव्हा आत मोटर आणि बॅटरी मावली पाहिजे म्हणून तेवढा मोठा केला, नंतर मोजलं तर १:३५ च्या आसपास निघाला, आणि आता जगभर रणगाड्यांचा तोच स्केल. म्हणजे बॅटरीच्या सेलने ठरवलेला स्केल!

सिग्नलडाऊन
किटवाले साहेबांनी सुरुवात करून दिली, रेल्वेचं मी सांगतो कारण रेल्वेत सगळ्यात जास्त घोळ आहे. रेल्वेत स्केल आणि गेज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि निम्मी भांडणं तिथेच होतात. स्केल म्हणजे खऱ्याच्या कितव्या भागाचं, आणि गेज म्हणजे दोन रुळांमधलं अंतर मिलीमीटरमध्ये.

ओ स्केल ब्रिटनमध्ये १ फुटाला ७ मिली, म्हणजे १:४३.५ (छोट्या गाड्यांचा १:४३ इथूनच आला, कारण त्या गाड्या ओ गेजच्या रुळाशेजारी ठेवायला म्हणून बनायला लागल्या). त्याच्या निम्मा एचओ, फुटाला साडेतीन मिली, १:८७, रूळ १६.५ मिली. साडेसोळाला सत्त्याऐंशीने गुणलं की १४३५ मिली येतात, म्हणजे युरोप-अमेरिकेची स्टँडर्ड गेज बरोबर. ब्रिटिश इंजिनं अंगाने लहान, त्यात त्या काळच्या मोटरी मावेनात, मग त्यांनी रूळ तोच साडेसोळाचा ठेवला आणि वरचं धूड फुटाला ४ मिलीने मोठं केलं, तो झाला ओओ, १:७६. ब्रिटनमध्ये आजही गाड्या त्यामुळे रुळापेक्षा अंगाने जास्त दिसतात आणि त्यावर तिकडचे लोक अजून वाद घालतात. टीटी १:१२० आणि १२ मिली रूळ, एन १:१६० आणि ९ मिली (ब्रिटिश एन मात्र १:१४८), झेड १:२२० आणि साडेसहा मिली. बागेत पळवतात ती जी स्केलची गाडी १:२२.५, रूळ ४५ मिली.

आता आपली अडचण. भारतीय ब्रॉडगेज १६७६ मिली. १:८७ ला ती १९.३ मिली व्हायला पाहिजे आणि असला तयार रूळ दुकानात मिळत नाही. म्हणून भारतीय इंजिनाचं एचओ मॉडेल साडेसोळाच्या रुळावर ठेवलं की समोरून बघताना पाय जवळ घेऊन उभं राहिल्यासारखं दिसतं. बाजूने कळत नाही, समोरून लगेच कळतं.

पण तुम्ही नशीबवान आहात. डभोईची नॅरोगेज अडीच फुटी, ७६२ मिली. तिला ८७ ने भागा.

डभोईलाईन
८.७६ आलं. म्हणजे ९ मिलीचा एन गेजचा रूळ?

सिग्नलडाऊन
बरोब्बर. एन गेजचा रूळ, एन गेजची चाकं आणि मोटर, आणि वरचं सगळं म्हणजे डबे, स्टेशन, माणसं, झाडं एचओच्या मापाने. युरोपात डोंगरातल्या छोट्या गाड्या लोक असेच बनवतात, त्याला एचओई म्हणतात. पाव मिलीचा फरक राहतो, तो शोधायला भिंग लागेल.

टीस्क्वेअर
मी आर्किटेक्ट, बडोद्यातच, मॉडेल बनवण्यात कॉलेजची वर्षं गेली. मला एक कळत नाही, एवढं ८७ च्या मागे का लागलाय सगळे? १:१०० घ्या ना. गुणाकार भागाकार काही नाही, १ मीटरचा १ सेंटिमीटर, साधी पट्टी पुरते. माणसं, झाडं, गाड्या आर्किटेक्चरच्या सामानाच्या दुकानात पाकिटाने मिळतात आणि रेल्वेवाल्यांच्या मानाने खूपच स्वस्त. आणि तुमची ती ब्रॉडगेज १६७६, १:१०० ला १६.७६ मिली झाली, तुमचा साडेसोळाचा रूळ तिला फिट्ट बसतो की!

सिग्नलडाऊन
ताई हे भारी आहे, ब्रॉडगेजसाठी खरंच भारी आहे. बडोदा जंक्शन करायचं असेल तर १:१०० ला माझं मत. पण डभोईला नाही, ९ मिलीचा रूळ १:१०० ला ९०० मिली होतो, नॅरोगेजचा सगळा बारीकपणाच गेला. शिवाय तयार इंजिन-डबे १:१०० मध्ये मिळत नाहीत, सगळं हाताने कापायचं.

टीस्क्वेअर
हाताने कापायचं तर तसंही आहेच, डभोईचे डबे कुठल्या दुकानात मिळणारेत? :)

सिग्नलडाऊन
तेही खरंच म्हणा.

इंदुरीपोहे
भिया लोक, इंदूरची हाजरी लावून घ्या. आमच्याकडे मीटरगेज होती ना, महू पाताळपाणी कालाकुंड, आता तिथे हेरिटेज ट्रेन चालते पावसाळ्यात, धबधब्यापाशी थांबते. मीटरगेज १००० मिली भागिले ८७ म्हणजे साडेअकरा, त्याला टीटीचा १२ मिलीचा रूळ चालतो. म्हणजे बघा कसं, एकाच १:८७ मध्ये नॅरोगेजला ९, मीटरगेजला १२, फक्त ब्रॉडगेजच उपाशी राहिली. मी एक पाताळपाणीचा पूल आणि बोगदा करून ठेवलाय, गाडी अजून नाही, बिना गाडीचा पूल पण चांगला दिसतो हो, पाहुणे आले की विचारतात.

ग्वाल्हेरकर
ग्वाल्हेरहून. आमची लाईट रेल्वे तर त्याहून बारीक, २ फुटी म्हणजे ६१० मिली, ग्वाल्हेर ते श्योपूर २०० किलोमीटर, दिवस मोडायचा प्रवासात. १:८७ ला तिचे ७ मिली होतात, त्यासाठी झेडचा साडेसहाचा रूळ, पण झेडची मोटर घेतली की खिसा रिकामा. म्हणून मी १:७२ धरलाय, ९ मिलीचा रूळ ६४८ येतो, थोडा जास्त आहे पण बघणाऱ्याला कळत नाही, आणि १:७२ मध्ये माणसं, ट्रक, जीप हवी तेवढी.

आणि हो, मॉडेल रेल्वेचा विषय निघाला आणि जयविलास राजवाड्यातल्या चांदीच्या गाडीचं नाव निघालं नाही तर ग्वाल्हेरकराला घास गोड लागायचा नाही. दरबारी जेवणाच्या टेबलावर रूळ आणि त्यावरून ब्रँडी नि सिगार पाहुण्यांपर्यंत नेणारी गाडी. तिथे स्केलबिल कुणी बघितलेलं नाही, डब्याचं माप काढलंय ते बाटली केवढी यावरून. मला ते फार पटतं, मॉडेल कशासाठी आहे त्यावर त्याचं माप.

किटवाला
चांदीच्या गाडीला स्केल नाही पण थाट आहे.

बरं डभोईलाईन दादा, पोराच्या विमानांचं. १:७२ विमान १:८७ च्या लेआऊटवर जमिनीवर उभं करू नका, पाचवा हिस्सा जास्त मोठं असतं ते, शेजारी माणूस ठेवला की पितळ उघडं पडतं. वर टांगलं तर चालेल, उंचीवर डोळा मोजत नाही. विमानं त्यापेक्षा वेगळ्या फळीवर एका ओळीत लावा, सगळी एकाच स्केलची. तीच खरी मजा असते. आपल्या बडोद्यात आता सी-२९५ ही लष्करी मालवाहू विमानं बनतायत ना, ते साडेचोवीस मीटर लांब, १:७२ ला ३४ सेंटिमीटर. मिग-२१ चा पंखांचा पसारा ७.१५ मीटर, म्हणजे १:७२ ला १० सेंटिमीटरसुद्धा नाही, तळहाताएवढा. सुखोई-३० चा पसारा १४.७ मीटर, तिचे २० सेंटिमीटर. मिग आणि सुखोई शेजारी ठेवली की बघणारा "एवढा फरक?" असं म्हणतोच, फोटोत हे कधी कळत नाही. आणि जहाज ठेवायचं म्हणाल तर नवी विक्रांत २६२ मीटर, १:७०० ला ३७ सेंटिमीटर, १:३५० ला पाऊण मीटर, १:७२ ला साडेतीन मीटरच्या वर, म्हणजे तिला वेगळी खोली बांधा.

अजून एक, लोक १:७२ वरून १:४८ ला जातात ते "दीडपटच तर आहे" असं म्हणून. लांबी दीडपट, पण जागा तिन्ही बाजूंनी वाढते, दीड गुणिले दीड गुणिले दीड, जवळजवळ साडेतीनपट ढोबळ मानाने. पाच विमानांत कपाट भरतं.

सिग्नलडाऊन
वजनाचं पण तसंच. डब्ल्यूएपी-७ हे ब्रॉडगेजचं विजेवरचं इंजिन १२३ टन. १:८७ ला वजनपण त्या हिशोबाने काढलं तर ८७ चा घन, म्हणजे साडेसहा लाखाने भागा, उत्तर येतं १८७ ग्रॅम. कपभर चहाएवढं! एवढ्या हलक्या इंजिनाची चाकं रुळावर नुसती फिरत राहतील, म्हणून बनवणारे आत वजन भरतात. तुमच्या नॅरोगेजच्या डब्यांनासुद्धा तळाला शिशाची पट्टी चिकटवा, नाहीतर वळणावर पंख्याच्या वाऱ्याने पडतील.

कोठीवरचीमावशी
मी विषयात जरा मध्येच घुसते. नातवाला शाळेत पावागडचं मॉडेल न्यायचंय, २ फूट बाय २ फुटाच्या थर्मोकोलवर, आणि बाईंनी सांगितलंय स्केल लिहून आणा. आमच्याकडे आजवर दिवाळीत किल्ला केला तो मातीचा, त्यात मावळा दरवाज्यापेक्षा उंच आणि वाघ बुरुजाएवढा, कुणी स्केल विचारला नव्हता हो. आता काय लिहायचं?

टीस्क्वेअर
मावशी सोप्पं आहे. १:१०,००० धरा, म्हणजे १ सेंटिमीटरला १०० मीटर. २ फुटात ६ किलोमीटर मावतील, म्हणजे डोंगर, पायथा, चांपानेरची थोडी बाजू. पावागडची उंची साधारण ८०० मीटर धरली तर ८ सेंटिमीटर. आणि हे बघून नातू म्हणेल आजी हा डोंगर नाही ही टेकडी आहे, कारण डोंगराकडे आपण खालून मान वर करून बघतो, मॉडेलकडे वरून बघतो, त्यामुळे खऱ्या प्रमाणात केलेले डोंगर नेहमी चपटे दिसतात. म्हणून उंची मुद्दाम दुप्पट करतात, १६ सेंटिमीटर. फक्त पाटीवर दोन्ही लिहायचं, आडवा स्केल १:१०,००० आणि उभा स्केल १:५,०००. बाई खूश होतील.

देऊळ स्केलमध्ये करायला जाऊ नका, १० मीटरची इमारत १ मिलीची होईल. टाचणी खोचा आणि तिला कागदाचा झेंडा लावा.

कोठीवरचीमावशी
टाचणीचा झेंडा मस्त. देवी पावली.

निवृत्तअभियंता
उभा आणि आडवा स्केल वेगळा हा विषय निघाला म्हणून लिहितो, पाटबंधाऱ्यात नोकरी गेली. आमच्याकडे मॉडेल म्हणजे दिसायला सुंदर असावं असं काही नसतं, त्यातून पाणी सोडायचं असतं. पुण्याजवळ खडकवासल्याला केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन शाळा आहे, १९१६ पासूनची, तिथे नद्या, बंदरं, धरणांचे सांडवे (जादा पाणी सोडायची वाट) यांची मॉडेलं शेडमध्ये आणि उघड्यावर बांधतात, ती बघितली की तुमची ६ बाय ४ ची प्लाय म्हणजे पोस्टाचं तिकीट.

समजा नदी १ किलोमीटर रुंद आणि ५ मीटर खोल. १:५०० ला रुंदी २ मीटर होते, ठीक, पण खोली होते १ सेंटिमीटर. एवढ्या पातळ थरात पाणी नदीसारखं वागतच नाही, ते फरशीवर सांडलेल्या पाण्यासारखं चिकटून सरकतं. म्हणून खोलीला १:१०० धरतात, ५ सेंटिमीटर येते, मग प्रवाह खऱ्यासारखा उसळतो. छेदात बघाल तर ही नदी वेडीवाकडी खोल दिसेल, पण उत्तर बरोबर देते.

सांडव्याला मात्र असं चालत नाही, तिथे दोन्हीकडे एकच स्केल लागतो. आणि तिथे खरी गंमत वेळेची. सरदार सरोवर धरण १२१० मीटर लांब, १:१०० ला १२ मीटर. पण पाण्याचा वेग १०० ने कमी होत नाही, १०० च्या वर्गमुळाने म्हणजे १० ने कमी होतो, आणि वेळसुद्धा १० ने. खरा एक तासाचा पूर मॉडेलमध्ये ६ मिनिटांत येऊन जातो. पाण्याचं प्रमाण तर एकास एक लाख, म्हणजे नदीत सेकंदाला १ लाख घनमीटर असेल तर मॉडेलात १ घनमीटर. तेवढा पंपसुद्धा काही लहान नसतो बरं का, आवाज कानात बसतो.

किटवाला
काका हे जबरदस्त. म्हणजे सिनेमात छोट्या मॉडेलचं धरण फुटताना खोटं का वाटतं ते कळलं, पाणी फार भराभर पडतं. म्हणून ते शूटिंग हाय स्पीडला करून मग हळू दाखवतात.

निवृत्तअभियंता
अगदी तेच गणित. पण पाण्याचे थेंब लहान करता येत नाहीत, त्यामुळे थेंबाकडे बघितलं की लगेच कळतं.

डभोईलाईन
काका, मग माझ्या गाडीचा वेग कसा धरायचा? वर्गमुळाने का सरळ?

निवृत्तअभियंता
तुमच्याकडे पाणी नाही आणि गुरुत्वाकर्षणाशी तुमचं काही देणंघेणं नाही, नुसतं डोळ्याला बरोबर दिसायचंय, सरळ ८७ ने भागा.

सिग्नलडाऊन
डभोईची गाडी ताशी ३० धरा, म्हणजे सेकंदाला ८.३ मीटर, भागिले ८७, साडेनऊ सेंटिमीटर. तुमची ६ फुटाची प्लाय पार करायला तिला जवळपास १९ सेकंद लागले पाहिजेत. बहुतेक लोक ४ सेकंदात पळवतात आणि मग म्हणतात खेळणं वाटतं. कंट्रोलरवर एक खूण करून ठेवा पेनने, त्याच्या वर जायचं नाही, पोराला पण सांगून ठेवा (ऐकणार नाही तो, पण सांगा).

टीस्क्वेअर
वेगावरून नाही पण फसवाफसवीवरून आठवलं. नवीन फ्लॅट बघायला बुकिंग ऑफिसमध्ये गेलात तर तिथलं काचेतलं मॉडेल बघा. इमारत १:१०० ची असते आणि काही ठिकाणी खाली पार्किंगमध्ये ठेवलेल्या गाड्या मुद्दाम जरा लहान असतात, म्हणजे आवार ऐसपैस वाटतं. मारुती ८०० साडेतीन मीटरच्या आत, १:१०० ला ३ सेंटिमीटरच्या वर असायला पाहिजे. सरळ खिशातली पट्टी काढा आणि मोजा, अडीच निघाली तर सेल्सवाल्याला गोड हसून विचारा की आमची गाडी मावेल ना. आम्ही एकदा मोजलेलं, नाव घेत नाही, पण त्या माणसाचा चेहरा बघण्यालायक होता.

झाडांचं पण तसंच, छोटी झाडं लावली की इमारत उंच वाटते.

डभोईलाईन
हाहा, पट्टी घेऊन जाणारच आता. बरं पोराच्या छोट्या गाड्या, त्यावर १:६४ लिहिलंय म्हणतो तो. चालतील?

किटवाला
१:८७ शेजारी १:६४ म्हणजे गाडी स्टेशनच्या दरवाज्याला खाऊन टाकेल. आणि दुसरं म्हणजे त्या पाकिटातल्या गाड्या सगळ्या १:६४ च्या नसतातच. पाकीट एका मापाचं, त्यात जे बसेल ते, त्यामुळे ट्रकपण ७ सेंटिमीटर आणि स्पोर्ट्स कारपण ७ सेंटिमीटर. ट्रक काढून बघितला तर १:१०० च्या आसपास निघतो कधीकधी! म्हणजे गंमत अशी की डबाभर गाड्यांत तुमच्या कामाचा एखादा ट्रक सापडूही शकतो. मोजत बसा. खरी अँबॅसिडर ४.३ मीटर, १:६४ ला पावणेसात सेंटिमीटर, १:४३ ला १० सेंटिमीटर, १:८७ ला ५ च्या आत. रिक्षा अडीच-पावणेतीन मीटरची, तुम्हाला ३ सेंटिमीटरची पाहिजे.

पाचवाटप्पा
स्टॅच्यू ऑफ युनिटीचं काय? केवडियाहून आणलेलं शोपीस आहे आमच्याकडे, त्याला स्केल असतो का

टीस्क्वेअर
पुतळा १८२ मीटर. तुमचं शोपीस १८ सेंटिमीटर असेल तर १:१००० झालं, त्याच्या पायाशी उभा माणूस पावणेदोन मिलीचा. शिल्पकारांचं काम उलट्या दिशेने चालतं, आधी लहान, मग मोठं. राम सुतारांनी या पुतळ्याची आधी लहान रूपं केली, त्यातलं एक ३० फुटी, आणि तिथून पुढे वाढवत नेलं, म्हणजे त्या ३० फुटाच्या सुमारे २० पट. लहान मूर्तीवर धोतराच्या चुणीत १ मिलीची चूक राहिली तर वर ती २ सेंटिमीटरची होते. आणि एवढ्या उंच पुतळ्याकडे सगळे खालून बघणार, हे पण धरावं लागतं. आमच्या फाईन आर्ट्सच्या मित्रांशी बोला, या विषयावर रात्र काढतील.

डभोईलाईन
तर मंडळी ठरलं. १:८७, रूळ ९ मिलीचा, डभोई नॅरोगेज, ब्रॉडगेज नाही. टीस्क्वेअर ताई, तुमचं १:१०० मनात भरलं होतं पण पुढच्या जन्मी बडोदा जंक्शन.

प्लायवर काय मावतं त्याचा हिशोब केला. ६ फूट म्हणजे १८३ सेंटिमीटर गुणिले ८७, खरे १५९ मीटर. ब्रॉडगेजची चोवीस डब्यांची गाडी मावेल असा साडेपाचशे मीटरचा प्लॅटफॉर्म करायला गेलो असतो तर ६ मीटर ३० सेंटिमीटर, म्हणजे २१ फूट, भिंत फोडून शेजाऱ्यांच्या हॉलमध्ये. नॅरोगेजची चार डब्यांची गाडी मात्र आरामात बसते. वळण किती त्रिज्येचं ठेवू?

सिग्नलडाऊन
ब्रॉडगेजवर सगळ्यात अवघड वळण १७५ मीटर त्रिज्येचं धरतात, ते १:८७ ला २ मीटर होतं, ४ फुटाच्या प्लायवर अशक्य. म्हणूनच एचओमध्ये सगळे ३६ सेंटिमीटरची वळणं लावतात आणि मग २७ सेंटिमीटरचा एलएचबी, म्हणजे हल्लीचा लांब प्रवासी डबा, वळणावर कोपऱ्यातून बाहेर लोंबतो. तुमचे डबे लहान. प्लाय १२२ सेंटिमीटर रुंद, काठ सोडून ५० ची त्रिज्या बसते, खऱ्या हिशोबाने साडेत्रेचाळीस मीटर. झकास दिसेल. त्याहून लहान करू नका, एन गेजची सेटमधली २२-२५ ची वळणं स्वस्तात मिळतात पण मोह आवरा.

मापांसाठी प्रतापनगरच्या रेल्वे हेरिटेज पार्कमध्ये जा, नॅरोगेजचं सामान ठेवलंय तिथे, टेप घेऊन जा, आधी विचारा, आणि दरवाजा, खिडकी, पायरी, बफरची उंची एवढं आधी लिहून घ्या. बाकी फोटोवरून काढता येतं, फोटो काढताना शेजारी १ मीटरची काठी उभी धरायची, म्हणजे पुढे सगळं तिच्यावरून मोजता येतं.

टीस्क्वेअर
आणि ड्रॉइंग १:१०० ला काढा, १:८७ ला नाही, ऐका माझं. सगळं सेंटिमीटरमध्ये सोपं जातं, मग झेरॉक्सवाल्याकडे ११५ टक्के मोठं करून घ्यायचं, आपोआप १:८७. तो प्रिंट थेट कार्डबोर्डवर चिकटवून कापायचा. मोठं झाल्यावर एक माप पट्टीने तपासून घ्या, काही मशीन कागदात मावावं म्हणून आपल्या मनाने दोन टक्के कमी करतात.

ग्वाल्हेरकर
माणसांचं आणि बैलांचं सांगतो कारण मी त्यात हात भाजलेत. १:८७ ची माणसं तयार मिळतात ती सगळी युरोपातली, कोट, टोपी, हातात सुटकेस. टोपी नखाने घासून काढायची. साडी नेसवायची असेल तर टिश्यू पेपरचा एकच थर वेगळा करा (तो दोन थरांचा असतो), ३ मिलीची पट्टी कापा, पाणी घातलेल्या फेविकॉलमध्ये बुडवून चिमट्याने कमरेभोवती आणि मग खांद्यावरून. ओली असतानाच सुईने चुण्या पाडायच्या. वाळली की कडक होते, मग रंग. धोतर त्यापेक्षा अवघड, धोतराच्या नादाला लागू नका, लेंगा चालतो.

बैल पण तिकडचेच मिळतात, गायीच असतात खरं तर, ठिपक्याठिपक्यांच्या, आणि एकालाही वशिंड नाही! पुट्टीची मोहरीएवढी गोळी खांद्यावर बसवा. तुमच्याकडचे कांकरेज बैल म्हणजे शिंगं मोठी, वर वळलेली, त्याला वायरीतली तांब्याची एक तार काढून वाकवा. बैल खांद्याला १६ मिली भरला पाहिजे, वशिंड सोडून.

इंदुरीपोहे
वाह भिया, मोहरीएवढं वशिंड. हे वाचून आता मला पण पुलावर एक गाय उभी करायचीये, गाडी नाही तर नाही.

निवृत्तअभियंता
रंगाबद्दल एकच. खऱ्या डब्याचा रंग आहे तसा लावू नका, थोडं पांढरं मिसळा. लांबून वस्तू बघितली की हवेमुळे रंग फिका दिसतो, आणि १:८७ चं मॉडेल दोन फुटावरून बघणं म्हणजे खरा डबा ५० मीटरवरून बघणं. गडद लावला तर प्लास्टिकचं खेळणं दिसेल.

किटवाला
आणि रेषा! डब्याच्या फळ्यांच्या फटी कोरताना ०.३ मिलीची रेघ मारलीत तर खऱ्यात ती अडीच सेंटिमीटरची फट झाली, आतला प्रवासी बोट घालेल. पेन्सिलीने हलकी ओढा, पुरे होतं.

डभोईलाईन
सगळं लिहून घेतलं. रूळ आणि एन गेजचं जुनं इंजिन ऑर्डर करतो, वरचं डिझेलचं खोकं कार्डाचं. या रविवारी टेप घेऊन प्रतापनगर, कुणी बडोदेकर येणार असेल तर सांगा, येताना सेव उसळ माझ्याकडून.

टीस्क्वेअर
मी येते. १ मीटरची काठी माझ्याकडे आहे, लाल-पांढरी.

पाचवाटप्पा
१:१८ ची अँबॅसिडर कुठे मिळेल कुणाला माहीत आहे का

सिग्नलडाऊन
त्याला वेगळा धागा काढा हो.